नग चौदाची निब

रविवार, १८ जानेवारी. सकाळी दहा. पाचपावलीतलं तुमचं घर, मधल्या खोलीतलं टेबल.
हजर: शोभावहिनी, श्रुती, मी. ट्रेमध्ये एकतीस पेनं, त्यांपैकी शाई भरलेलं एक.

भाऊ, आपल्या वहीचं पान मी नेहमीसारखंच सुरू केलं. गैरहजरांचा रकाना आपण कधी आखला नव्हता, म्हणून आजही आखला नाही. मी पहिल्यांदा ही हजेरी लिहिली तेव्हा तुम्ही खूप हसला होता. दोन माणसं पेनं धुवायला बसतात, त्यांत हजेरी कोणाची घ्यायची? मग स्वयंपाकघराकडे तोंड करून वहिनींना हाक मारलीत आणि मला म्हणालात, "हिचं नाव टाक वं यादीबाई, नाहीतर कोरम भरत नाही." तेव्हापासून वहिनींचं नाव पहिलं. त्यांनी बारा वर्षांत एकदाही पेन हातात धरलं नाही. पोहे घेऊन आल्या, त्यांवर तर्री ओतली, की हजेरी लागली.

आज पोहे होते, तर्री नव्हती. मी काही विचारलं नाही, पण वहिनींनीच सांगितलं की त्यांना तर्रीने पित्त होतं. मलाही ती तिखट लागते. म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघी तुमच्यासाठी नाक पुसत खात होतो.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत मी सहा याद्या केल्या. कोणाला कळवायचं, कोणाला घ्यायला स्टेशनवर जायचं, उरलेली औषधं, पेन्शनचे कागद, तेरवीची भांडी, श्रुतीची रजा. सहाही पूर्ण झाल्या. बरं झालं तुम्ही होत्या, असं पुष्कळ जण म्हणाले. लोक वहिनींजवळ बसले, श्रुतीजवळ बसले. माझ्याजवळ कोणी बसलं नाही. त्यात कोणाची चूक नाही, मी सारखी उभी होते. शिवाय मी तुमची कोण, हे सांगायला सोयीचा शब्द नाही. सहकारी म्हणावं तर तुम्ही निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. शेजारीण म्हणावं तर मी धरमपेठेत राहते. तेरवीला तुमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी विचारलंच, तुम्ही बहीण का जी? मी म्हणाले, नाही, आम्ही पेनं धुतो. त्यांनी मान हलवली आणि पाण्याचा ग्लास घेऊन पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात स्टोअर उघडलं. आम्लांच्या कपाटात तुमची लेबलं तशीच आहेत. निळ्या-काळ्या शाईत, वरून मेणाचा हात फिरवलेली. आपली ओळख त्या लेबलांवरून झालेल्या भांडणातून झाली, आठवतं? मी नवी होते. स्टोअर ताब्यात घेतल्याबरोबर प्रत्येक बाटलीसाठी कॉम्प्युटरवर लेबलं छापली, सारख्या मापात, क्रमांकासह. तुम्ही प्रयोगशाळा सहायक, बावीस वर्षांचे जुने. दारात उभं राहून माझा उद्योग पाहिलात आणि म्हणालात, "काहून इतकी सजवून राहिली वं? बाटल्यांले काय लग्नाले न्यायचं आहे?" मला राग आला. दोन महिन्यांत आम्लाच्या वाफेने माझी लेबलं पिवळी पडून गळायला लागली. मेणाखालची तुमची अक्षरं जागच्या जागी. मी तुमच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, मला असं पेन द्या. तुम्ही खिशातलं पेन काढलंत, कागद पुढे सरकवलात. बोललात ते मी लिहून झाल्यावर. "दाबू नको. पेनाले ओझं नाही उचलायचं."

त्यानंतरचे रविवार. तुमची पेनं ट्रेमध्ये, माझी वही समोर. कोमट पाण्याची वाटी, ड्रॉपर, जुन्या धोतराचे तुकडे. इतवारीच्या भंगारातून आणलेली, कोणाच्या कपाटातून आलेली, टोपण हरवलेली, निब वाकलेली. तुम्ही ती सुरू करायचात आणि मी नोंदायचे: नग क्रमांक, बनावट, निब, शाई, शेवटचं लेखन. तुमचा नियम एकच. महिन्यातून एकदा प्रत्येक पेनाने लिहायचं. निदान 'पेन चालू आहे' एवढी तरी ओळ. माझं म्हणणं होतं की जी पेनं आता कुठे मिळणार नाहीत ती धुऊन, सुकवून, मऊ कापडात गुंडाळून ठेवावीत. वापराने वस्तू झिजते. तुम्ही म्हणायचात, "न लिहिणारं पेन म्हंजे काडी." मी म्हणायचे, काडी का असेना, राहील तर खरी. हा वाद आपण इतके रविवार घातला की वहिनी स्वयंपाकघरातून तुमचं वाक्य तुमच्या आधी म्हणायच्या.

वाद मिटला नाही. आणि मी, जपून ठेवा म्हणणारी, तुमचं सर्वांत जुनं पेन माझ्या हाताने बिघडवलं.

नग एक. तुमच्या बांचं. काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, वापरून वापरून तपकिरी पडलेलं. तुमचे बा हातमाग सोडून तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली अर्ज लिहायला बसायचे. मांडी घातलेली, पुढ्यात पत्र्याची पेटी, तिच्या झाकणावर कागद. उमरेडकडचे विणकर यायचे, कोणाची लेक नवऱ्याने टाकलेली असायची, कोणाची जमीन अडकलेली. माणूस बसल्याबरोबर बोलायला लागला की बा त्याला थांबवायचे. "आधी मागणं सांग. रडणं मागून." तुम्ही त्यांची नक्कल करायचात तेव्हा तुमचा आवाज बदलायचा. ते पेन त्यांनी जन्मभर वापरलं. पेटीच्या झाकणावर हात तिरका टेकवून लिहिल्यामुळे त्याच्या निबेचं टोक एका बाजूने झिजून छिन्नीसारखं झालं होतं. तुम्हीही ते धरलंत की आधी खरखरायचं. मग तुम्ही ते बोटांत जरासं फिरवायचात आणि ते चालू व्हायचं.

मी फक्त ती खरखर ऐकली. भिंग आणलं, पॉलिशचे बारीक कागद आणले, काचेची पट्टी आणली. वीस स्वस्त निबा घेतल्या आणि दोन महिने घासायला शिकले. कोणती निब कितव्या कागदावर किती वेळा फिरवली, याची नोंद ठेवली. मग तुमच्या निवृत्तीच्या आठवड्यात, धुवायला नेते असं सांगून नग एक घरी नेलं. निरोप समारंभात सगळ्यांनी शाल दिली, श्रीफळ दिलं. मी तुमच्या हातात तुमच्या वडिलांचं पेन ठेवलं आणि म्हणाले, लिहून पाहा.

तुम्ही 'विनंती अर्ज' एवढे दोन शब्द लिहिलेत. पुन्हा तेच लिहिलंत. तिसऱ्यांदा पेन थोडं फिरवून. चौथ्यांदा आणखी फिरवून, पार आडवं धरून. मला वाटलं, तुम्ही मजा घेताय. मी म्हणालेही, भाऊ, आता कसंही धरा, चालतं. तुम्ही मान खाली घालून आणखी एकदा लिहिलंत. मग टोपण लावलंत.

"चांगली घासली वं. हात बसला तुझा."

त्यानंतर नग एक टेबलावर आलं नाही. माझ्या वहीत त्याच्यासमोरचा 'शेवटचं लेखन' हा रकाना तिथेच थांबला. दर जानेवारीत मी नवी यादी हाताने उतरवते, हे तुम्हाला माहीत आहे. दर जानेवारीत नग एकची ओळ उतरवली आणि तो रकाना कोरा सोडला. तुम्ही शेजारी बसून पाहायचात. मी कधी विचारलं नाही. बाकी प्रत्येक पेनाचं विचारायचे. मागच्या महिन्यात का भरलं नाही, ही शाई का बदलली. याचं नाही.

कारण मला ते कळलं होतं. कधी कळलं तेही सांगते, कारण तुम्हाला ते बहुधा माहीतच होतं. कन्हानला.

तुमच्या निवृत्तीनंतरच्या वर्षी आपण स्कूटरने कन्हानला गेलो. खाणीत हजेरी लिहिणारे एक म्हातारे गृहस्थ होते, हात थरथरतो म्हणून आता लिहवत नव्हतं. पेन कोणातरी लिहिणाऱ्याला द्यायचं होतं. तुम्ही त्यांच्यासमोर खाटेवर बसलात, त्यांचं पेन भरलंत आणि लिहायला लागलात. खरखर. पेन फिरवलंत. खरखर. आणखी फिरवलंत, हात वर उचलला, कोपर टेकवलंच नाही, आणि पेन एकदम पाण्यासारखं वाहायला लागलं. तुम्ही त्यांच्याकडे पाहून म्हणालात, "तुम्ही उभ्यानं लिहीत होते का जी?"

म्हातारा हसायलाच लागला. चाळीस वर्षं, म्हणाला. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर साहेब बसे. मग त्याने सुनेला बोलावलं, तिला ते पुन्हा सांगितलं, पेनाने मला ओळखलं म्हणून. चहा झाला. निघताना अंगणात तुम्ही मला समजावलंत, मी काही न विचारता. "जिथं खरखर थांबते ना वं, तिथं माणूस राहते."

स्कूटरवर तुमच्या मागे बसून मी हिशेब केला. नग एक कसंही धरलं तरी चालतं. मीच तसं सांगितलं होतं, कौतुकाने. म्हणजे तिथे आता कोणी राहत नाही. त्या दिवशी समारंभात तुम्ही पाच वेळा 'विनंती अर्ज' लिहिलंत, ते तुम्ही शोधत होतात.

कामठीच्या अलीकडे फाटक बंद होतं. मालगाडी लांब होती. तुम्ही शेंगा घेतल्यात, अर्ध्या माझ्या ओंजळीत दिल्यात. तेवढा वेळ पुरेसा होता. एक वाक्य होतं, माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणाले, "भाऊ, ड्रॉपर संपले आहेत. उद्या दोन आणायचे."

तुम्ही म्हणालात, "टाक यादीत."

फाटक उघडलं.

आता आजचं.

श्रुतीची मंगळवारी सकाळी पुण्याची गाडी आहे. तिला एकच पेन हवं आहे. नग चौदा, तुमचं रोजचं. हिरव्या एबोनाइटवर तपकिरी रेघा असलेलं, टोपणाची कडी सैल झालेलं. तुम्ही शेवटच्या रविवारी भरलेली शाई त्यात अजून आहे. ट्रेमधलं शाई असलेलं एक पेन म्हणून वर लिहिलं ते हेच. तिने ते उघडलं, या वहीच्या मागच्या पानावर सही केली, आणि ते खरखरलं. पुन्हा केली. कागद उचकटला. तिने ते माझ्यापुढे धरलं.

"मावशी, तुम्ही निब घासता ना? बाबा नेहमी सांगायचे, घासायचं काम तुमच्यासारखं नागपुरात कोणाला जमत नाही. मंगळवारपर्यंत होईल?"

मी हो म्हणाले. कामाला मी आधी हो म्हणते. वहीत लिहिलंही, अकरावं काम म्हणून. मग वहिनी उठल्या. आतल्या खोलीतून बांची पत्र्याची पेटी आणली आणि तिच्यातून नग एक काढून टेबलावर ठेवलं. पोह्यांच्या बशा बाजूला केल्या, जागा पुसली. मला वाटलं, यादीसाठी आणलं असेल. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तुले सांगू नको म्हणत होते ते. आता कोण मले रागावते."

समारंभ झाला त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, असं त्यांनी सांगितलं. शाल खुंटीला लावलीत, पेन पेटीत ठेवलंत आणि भिंतीला टेकून बसलात. त्यांनी विचारलं तर म्हणालात, "माहा बाप आज गेला."

बांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

"मी म्हटलं, मंग तिले सांगा ना," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणे, काहून सांगू? वीस निपा बिघडवून शिकली ते पोरगी, माह्यासाठी. सांगितलं तर भिंग फेकून देईल अन् रविवारी येणार नाही."

ते बरोबर होतं. मी आले नसते.

भाऊ, बांच्या पद्धतीने आधी मागणं लिहिते. माफी. सात वर्षं उशिरा, आणि अर्ज ज्याच्या नावाने आहे तो जागेवर नसताना. रडणं मागून. तुम्हाला कळलं होतं, मला कळलं होतं, आणि आपण दोघं दर रविवारी त्या कोऱ्या रकान्याच्या दोन बाजूंना बसून बाकीची पेनं धूत होतो. मला वाटायचं, मी गप्प राहून स्वतःला सांभाळतेय. तुम्ही मला सांभाळत होता. मी येणं थांबवू नये म्हणून तुम्ही ते पेन पेटीत ठेवलंत. महिन्यातून एकदा लिहायलाच हवं म्हणणाऱ्या माणसाने. इतक्या वर्षांत तुमचा नियम तुम्ही एकदाच मोडलात, तो माझ्यासाठी.

मग मी श्रुतीला सगळं सांगितलं, आणि सांगितलं की नग चौदाच्या बाबतीत हेच होईल. तुमची तर्जनी. बुचात काचेची नळी बसवताना ती फुटली आणि बोट वाकायचं बंद झालं, हे श्रुतीला माहीत होतं. तिच्या जन्माच्या आधीचं असलं तरी. ते ताठ बोट पेनावर आडवं पडायचं, पेन डावीकडे कलंडून जवळजवळ झोपायचं, आणि निब त्या बाजूने झिजली. ती खरखरते कारण श्रुती नीट धरते. मी म्हणाले, घासली की कोणाच्याही हातात चालेल. मग बाबांचा हात त्यात राहणार नाही.

श्रुतीने पेन उचलून निब उजेडात धरली.

"आणि नाही घासली तर मी लिहू शकणार नाही," ती म्हणाली. "मग ते माझ्या कपाटात राहील. बाबांना चाललं असतं का ते? न लिहिणारं पेन म्हणजे काय म्हणायचे ते?"

वहिनी म्हणाल्या, "काडी."

भाऊ, हा आपलाच वाद होता, आणि तुमची बाजू तुमची मुलगी मांडत होती, तुमच्याच शब्दांत. ती मांडत असताना मी पहिल्यांदा माझ्या बाजूने जिंकायला निघाले होते, आणि जिंकावंसं वाटत नव्हतं. तुम्ही काय म्हणाला असतात, हे मी खूप शोधलं. चालव म्हणाला असतात, हे नक्की. पण त्या दिवशी जेवला नाहीत, हेही आता मला माहीत आहे. या दोन गोष्टी तुम्ही कशा जुळवल्यात ते विचारायला हवं होतं. कामठीच्या फाटकात वेळ होता.

श्रुतीने टोपण लावलं आणि पेन माझ्या हातात दिलं. तुम्ही ठरवा मावशी, म्हणाली. मला त्यातलं कळत नाही.

मी पेन घेऊन घरी आले.

घर कसं असतं रविवारी दुपारी, हे मला माहीत नव्हतं. दर रविवारी मी तुमच्याकडून दीडला निघायचे, इतवारीत काही घ्यायचं असलं तर घ्यायचे, घरी येऊन झोपायचे. तेरवीपर्यंतचे रविवार धावपळीत गेले. आज अकराला सगळं संपलं होतं. बसस्टॉपवर उभी राहून मला आठवेना की आता कुठे जायचं असतं. घरी आले तर शेजारच्यांचा टीव्ही चालू होता, खाली कोणी गाडी धूत होतं. मी भांडी घासली. ती सकाळीच घासलेली होती. आईच्या, आता रिकाम्या असलेल्या खोलीतलं कपाट लावलं, तेही लावलेलंच होतं. मनात आलं, तुम्हाला फोन करून विचारावं, नग चौदाचं काय करू. हात फोनपर्यंत गेलाही. तुमचा नंबर पहिल्या पानावर आहे, यादीत सर्वांत वर, कारण कॉलेजात गॅस गळला तर तुम्हाला आधी कळवायचं असायचं.

मग टेबल मांडलं. काचेची पट्टी, तिन्ही कागद, पाण्याची वाटी, भिंग. भिंगातून निब पाहिली. टोकावर डाव्या बाजूला एक सपाट जागा आहे, तांदळाच्या कणीपेक्षा लहान, आरशासारखी गुळगुळीत. कोणत्याही कागदाने मला इतकं गुळगुळीत कधी जमलं नाही. तुम्ही ते तीस वर्षांत केलंत, लेबलं लिहून, आणि प्रयोगवह्यांवर सह्या करून, आणि माझ्या यादीत चुका काढून. पहिला कागद पाण्यात भिजवला. निब त्यावर टेकवली. फिरवली नाही.

उचलून पुसली. वही ओढली. तर्जनी ताठ केली, जणू तिला काचेची पट्टी बांधली आहे, आणि पेन तिच्याखाली झोपवलं. खरखर. आणखी डावीकडे कलंडवलं. खरखर. कोपर जवळ घेतलं, अंगाला लावलं, तुम्ही थंडीत बसायचात तसं.

खरखर थांबली.

हे सगळं मी त्याच पेनाने लिहिते आहे. पहिल्या पानापर्यंत मनगट दुखत होतं, आता बोट बधिर आहे. अक्षर माझंच येतं, पण तुमच्यासारखं डावीकडे रेललेलं. एवढ्या वेळात दोनदा ठिपका पडला. टाकीतली शाई तळाला गेली की ड्रॉपरचं पेन असं ठिपके टाकतं, हे तुम्हीच शिकवलंत, आणि तेव्हा लगेच भरायचं असतं हेही. मी टीपकागद घेतला नाही. ठिपके वाळू दिले. तुम्ही भरलेली शाई आहे ती, जिथे पडली तिथे राहू दे.

उद्या संध्याकाळी सहा वाजता मी पाचपावलीला जाईन. नवी दौत सोबत घेईन, कारण तोवर पेन रिकामं झालेलं असेल. श्रुतीला टेबलाशी बसवीन, तिचं बोट ताठ करीन, कोपर अंगाला लावायला सांगेन आणि पेन फिरवायला लावीन, खरखर थांबेपर्यंत. दोन पानं लिहवून घेईन. हात बसला तर बसला. नाही बसला तर तिन्ही कागद पिशवीत आहेत. मग मी घासेन. पण या वेळी घरी नेऊन नाही आणि आश्चर्याचा धक्का म्हणून नाही. त्याच टेबलावर, तिला आणि वहिनींना समोर बसवून. तुमचा हात जायचाच असेल तर तो जाताना आम्ही तिघी हजर असू, आणि तसं वहीत लिहीन.

आजच्या यादीत अकरा कामं होती. दहांवर खूण केली आहे. अकरावं होतं, 'नग १४, निब घासणे'. ते खोडून तिथेच नवीन लिहिलं आहे.

नग १४, श्रुतीच्या हातात देणे. शेजारी बसणे.

पुढची चौकट रिकामी आहे.